झुंबरची पिकअप किती उचलायची

नाशिकात पेठ रोडला माझं गॅरेज आहे, पाट्यांचं. इंजिनाचं, रंगाचं, वायरिंगचं काम घेऊन कोणी आलं तर मी त्याला समोरचा रस्ता दाखवतो. गाडीच्या खाली पोलादी पाट्यांची जी थप्पी असते, जिला आम्ही कमान म्हणतो, तेवढंच माझं काम. गाडीचं आणि गाडीतल्या मालाचं सगळं ओझं त्या कमानीवर. एकतीस वर्षं मी हेच करतोय आणि एकतीस वर्षांत कोणालाही माप खोटं सांगितलेलं नाही. पाऊण इंच म्हणजे पाऊण इंच. गिऱ्हाईक रुसलं तर रुसलं. तापट आहे मी, हे सगळ्या पेठ रोडला ठाऊक आहे. माझी मुलगी रोशनी म्हणते, बाबांच्या गॅरेजात हॉर्न वाजवायची गरजच नाही, बाबाच वाजतात.

हल्ली गाड्या उंच करून घ्यायचं एक खूळ निघालंय. गंगापूर रोडचा अमित म्हणून एक पोरगा आला होता, नवी कोरी जीप घेऊन. "काका, सहा इंच उचला." म्हटलं, कुठं नेणार आहेस बाबा, हिमालयात? तर म्हणे, नाही, फोटो चांगले येतात. करून दिली. आठ दिवसांनी परत आला, तोंड पाडून. त्याच्या आईला गाडीत चढता येईना. बिचारी प्लास्टिकचं स्टूल घेऊन लग्नाला गेली होती म्हणे! मी इतका हसलो, इतका हसलो की चहा सांडला शर्टावर. तेव्हा मला काय माहीत की महिन्याभरात माझ्यावरच तशी पाळी येणार आहे.

दिवाळी सरली आणि एका सकाळी झुंबर आला. पस्तिशीचा, काटक, कमी बोलणारा. पेठच्या अलीकडं डोंगरात उंबरपाडा म्हणून वस्ती आहे, तिथला. चप्पल बाहेर काढून गॅरेजात शिरला. अहो, गॅरेजात! जिथं बूट घालूनसुद्धा माणूस सांभाळून चालतो. मी ओरडलो, "अरे, चप्पल घाल, खिळे रुततील!" तर म्हणाला, "आसू द्या मिस्तरी, मी गाडीपण अनवाणीच चालवतो. पायाला कळतं, गाडीला कुठं लागलं ते."

तेव्हाच मला हा माणूस आवडला. पण दाखवलं नाही. काय लागेल ते लवकर बोल, म्हटलं.

"गाडी उचलायची."

"किती?"

"लागंल तेवढी."

त्याला बसवलं, चहा पाजला आणि एकेक करून काढून घेतलं. हा झुंबर दहावी झाल्यावर पिंपळगाव बसवंतला गेला, द्राक्षांच्या ट्रकवर आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. आग्रा रोडनं बारा वर्षं पार इंदूरपर्यंत जाऊन आला. एके दिवशी ते सगळं सोडलं आणि चारही चाकांना जोर असलेली एक जुनी पिकअप घेऊन गावी परतला. तेव्हापासून पेठ ते नाशिक, रोजची खेप. पाड्यांवरची वांगी, घेवडा, मिरच्या बाजारात आणायच्या. जाताना परत कुणाचे पत्रे, कुणाचं लग्नातलं कपाट, शाळेचे बाक, एकदा तर अडलेली शेळी आणि तिचा मालक दोघांनाही पेठच्या दवाखान्यात नेलं. ओव्हरटेक करत नाही, हॉर्न वाजवत नाही. गाडीच्या मागं रंगवून घेतलंय, 'येतोय ना, थांबा'. त्याच्याकडून घाईची अपेक्षा कोणी करतच नाही, पण वेळ मात्र चुकत नाही. असा माणूस.

मग खरी गोष्ट बाहेर आली. उंबरपाडा डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. मध्ये एक ओहोळ, आणि ओहोळाच्या पलीकडं वाटेत दगडाचा एक उंचवटा. झुंबरनं पिकअप आत न्यायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा गाडीचं पोट त्या दगडावर घासलं, एकदा तर सायलेन्सर तिथंच राहिला. म्हणून पाड्यावरच्या बायका तीन किलोमीटर डोक्यावर पाटी घेऊन डांबरीपर्यंत येतात आणि तिथं गाडी भरतात. त्यातच झुंबरची आई, पुतळाबाई. वय बासष्ट. यंदा तिची मान धरली. डॉक्टरांनी सांगितलं, चार पावलं ओझं न्या हवं तर, पण तीन किलोमीटर बंद, आणि मानेला हिसका तर अजिबात द्यायचा नाही.

"मग तुझी बायको नेईल की," मी म्हटलं.

"पूजा म्हणाली ना, आई, मी नेते. तर आई काय म्हणते, माझी पाटी दुसऱ्याच्या डोक्यावर जाणार नाय. बाप गेला तेव्हापासून आईची पाटी आईच उचलते, आईच उतरवते. मला पण हात लावू देत नाय."

"मग?"

"मग म्हणते, भाजी लावतच नाय. बसते घरात." झुंबर खाली बघत होता. "रोपं तयार हायेत, मिस्तरी. वांग्याची. वाफ्यात उभी हायेत. आठ-दहा दिवसांत लावली नाय तर फुकट जातील. आई रोज सकाळी वाफ्याजवळ जाऊन बसते. माझी आई घरात बसली ना, तर संपलंच सगळं. गाडी अंगणापर्यंत गेली पायजे."

मी त्याच्यावर ओरडलो, "आधी नाही का यायचं, गाढवा!"

मग सुरू झालं आमचं, किती आणि कसं. झुंबरला सहा इंच हवे होते. मी म्हटलं, सहा इंच उचललीस तर माल भरून सावळघाटाच्या वळणांवर गाडी झोकांड्या खाईल, आणि मागच्या शाफ्टचा जॉइंट वाकडा चालून महिन्यात कुरकुरायला लागेल. शेजारच्या चहावाल्यानंही मत दिलं, टायर मोठे टाका. वजनकाट्यावरचा एक जण म्हणाला, नुसती शॅकल लांब करा, स्वस्तात काम. शॅकल म्हणजे कमान जिथं लटकते तो दुवा. त्याला मी असा झापला की तो चहा अर्धा टाकून गेला. लांब शॅकलची गाडी वळणावर कुठं जाईल ते देवालाही सांगता यायचं नाही. शेवटी मी ठरवलं. नव्या पाट्यांची कमान बांधायची, बाक जास्त द्यायचा, बरोबर चार इंच. घाटालाही चालेल, दगडालाही. पाटे तापवले, ठोकले, बाक दिला, थप्पी बांधली. दोन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. गाडी जमिनीवर उभी केली, टेप लावला. चार इंच, एक सूत इकडं नाही की तिकडं नाही.

"मिस्तरी, तुम्ही पण चला," झुंबर म्हणाला. "आईला दाखवू."

रविवार होता. निघालो. सावळघाट छान उतरलो. डांबरी सोडून आत वळलो, तेव्हा झुंबरचे अनवाणी पाय पॅडलवर अगदी हलके होते. ओहोळात उतरलो, वर आलो. तो दगड आला. झुंबरनं श्वास रोखला, मीही रोखला. पुढची चाकं गेली, पोट गेलं, मागची चाकं गेली. काही आवाज नाही! मी दारातून वाकून बघितलं, खाली चांगली तीन बोटं जागा शिल्लक होती. असा फुगलो म्हणता मी! पाड्यावर पोचेपर्यंत मी झुंबरला माझी इतक्या वर्षांची सगळी कामगिरी ऐकवली. बिचारा हो हो करत होता.

पाड्यावर जत्राच भरली. तिथं अंगणात गाडी पहिल्यांदाच आली होती. पोरं हौद्यात चढली, उतरली. बायका हसत होत्या. परसातले भोपळे होते, पाटीभर वालाच्या शेंगा होत्या. कुणीतरी म्हणालं, चला, आत्ताच भरू. पुतळाबाई घरातून आली. जेमतेम साडेचार फूट असेल बाई, पण चालणं असं की वाटेनं बाजूला व्हावं. बांधावर शेंगांची पाटी ठेवली होती. वाकली, चुंबळीसकट डोकं पाटीखाली घातलं आणि उभी राहिली, मान ताठ. चार पावलं चालत गाडीपाशी आली. हौद्याच्या कडेचा पत्रा, ज्याला आम्ही फाळका म्हणतो, त्याला छाती लावून उभी राहिली. आणि थांबली.

पाटीचा तळ आणि फाळक्याचा काठ, दोन्ही समोरासमोर आलेच नाहीत. काठ वर, पाटी खाली.

टाचा उचलल्या तिनं. नाही. परत एकदा. नाही. झुंबर हौद्यातून वाकला. "हात लावू नको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण त्यानं हात मागं घेतला. मग ती गाडीभोवती न फिरता सरळ परत गेली, बांधावर पाटी टेकवली आणि चुंबळ काढून हातात धरली.

"गाडी लय चांगली झाली," ती म्हणाली. "आमच्यासाठी नाय झाली."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मावशी, एवढं काय! मागचा फाळका पाडू. मग हौदा कमरेइतकाच आहे. उतरवा पाटी खाली."

तर सगळ्या बायका हसल्या. अशा हसल्या की मला माझ्या शर्टावर सांडलेला चहा आठवला. झुंबरची पूजा म्हणाली, "काका, पाटी डोक्यावरून काठावर सरकवायची असती. मान तशीच राहती, पाटी आपली निघून जाती. खाली उतरवायची म्हटलं का हिसका बसतो. तोच तर डॉक्टरांनी बंद केलाय."

"मग लोखंडी पायरी करून देतो," मी म्हटलं.

"डोक्यावर ओझं घेऊन पायरी चढू?" पुतळाबाई माझ्याकडं बघून म्हणाली. "मिस्तरी, तू कधी पाटी उचललीस का रे?"

नव्हती उचलली. काय सांगू! एकतीस वर्षं ओझ्याचं काम करतोय मी. गाडीवर किती टन बसतात ते तोंडपाठ आहे. पण गाडीत ते ओझं कोण चढवतं आणि त्या माणसाचं डोकं जमिनीपासून किती उंच आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. झुंबरही नव्हता बोलला, कारण रोज तो हौद्यात वर उभा राहून पाट्या ओढून घेतो, खालचं त्याला दिसत नाही. आम्ही दोघांनी दगड मोजला, घाट मोजला, चहावाल्याचं मत घेतलं, आणि जिच्यासाठी हे चाललं होतं तिलाच विचारलं नाही. अमितच्या आईच्या स्टुलाला हसणारा तो मीच! लाज वाटली हो मला, खरंच वाटली.

झुंबर मातीत बसला होता. पलीकडं वांग्याच्या रोपांचा वाफा, हिरवागार. त्याच्याकडं त्याला बघवत नव्हतं.

मग मी विचारलं, "मावशी, वाटेत तुम्ही दम कुठं खाता? तीन किलोमीटर एका दमात तर नाही जात?"

"धोंडा हाय ना. ओहोळाजवळ. त्याच्यावर सरकवायची पाटी, घोटभर पाणी प्यायचं, परत डोकं घालायचं खाली. माझी सासू पण तिथंच टेकायची."

"दाखवा."

सगळी वरात निघाली. ओहोळाच्या अलीकडं, झाडाखाली, सपाट माथ्याचा एक उभा धोंडा. माथा बायकांच्या पाट्यांनी घासून गुळगुळीत झालेला. पुतळाबाई रिकामी पाटी डोक्यावर घेऊन त्याला छातीनं टेकली, नुसती मान जराशी पुढं केली, पाटी गेली धोंड्यावर. हात लागला नाही. मी टेप काढला. चार फूट सात इंच. गाडीच्या काठाचं माप माझ्या वहीत होतंच: आधी चार फूट पाच, आता चार फूट नऊ.

म्हणजे दोन इंच. दोनच इंच उचलायची होती, मी चार उचलली.

"दोन इंच खाली घेतो," मी म्हटलं. "काम माझं, खर्चही माझाच."

झुंबर म्हणाला, "मग तो दगड परत लागंल."

"कोणता दगड?" पुतळाबाईनं विचारलं.

झुंबरनं बोट दाखवलं, ओहोळातून वर येणाऱ्या वाटेतला उंचवटा. पुतळाबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग आपल्या मुलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हा? ह्याच्यासाठी तू सायलेन्सर घालवलास? आन् गाडी नाशिकला नेऊन माडीवर चढवलीस?"

"आई, कातळ हाय तो."

"कातळ कुठला! तुझ्या बापानं बैलगाडीला आडवा लावलेला धोंडा हाय, उतारावर चाक घसरू नये म्हणून. आमच्या पायाला कधी आडवा आला नाय, म्हणून राहिला तसाच."

हात टेकले मी! पूजा पळत जाऊन दोन पहारी घेऊन आली. पाच-सहा बायका, झुंबर आणि मी. हो, मीही. मातीत गाडलेला होता चांगला हातभर. दीड तास लागला. माझ्या तळहाताला फोड आले, आणि बायका, "मिस्तरी, टेप नको लावू, जोर लाव," असं म्हणून माझी यथेच्छ टर उडवत होत्या. शेवटी धोंडा हलला, सुटला आणि उताराला लागून धबाक्कन ओहोळात पडला. पुतळाबाई नवऱ्यानं लावलेल्या त्या धोंड्याच्या खड्ड्यात पायानं माती लोटत होती. "लय वर्षं काम केलं त्यानं," एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात मी कमान सोडली, बाक मारून कमी केला, परत बांधली. काठ आला चार फूट सात इंचांवर. दुसऱ्या दिवशी झुंबरचा फोन, एकच वाक्य: "मिस्तरी, आईनं रोपं लावली." मी फोन ठेवला आणि रोशनीवर उगाच ओरडलो, पाना जागेवर का नाही म्हणून. तिनं पाना माझ्याच खिशातून काढून दिला.

माघात पहिली वांगी निघाली तेव्हा मला बोलावणं आलं. अंगणात गाडी उभी. पुतळाबाई पाटी घेऊन आली, काठाला टेकली, मान पुढं केली. पाटी सरकली. हौद्यातून झुंबरनं ओढून घेतली. ती लगेच दुसरी आणायला वळलीसुद्धा. मला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. दर दिवाळीनंतर झुंबरची पिकअप कमानी तपासायला माझ्याकडं येते, आणि पुतळाबाई पुढच्या सीटवर बसून येते. येताना वांग्याची पिशवी असते. पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, "मिस्तरी, माणूस म्हातारपणी खाली बसतं. माझी उंची उतरली का गाडी पण उतरवशील ना?" मी म्हटलं, "उतरवीन की." तेव्हापासून आधी बाईचं माप, मग गाडीचं. गॅरेजातल्या लोखंडी खांबाला तिला उभं करतो, डोक्यावर चुंबळ, आणि खडूनं रेघ मारतो. तीन वर्षं रेघ एकावर एक आली. दर वेळी ती विचारते, "किती?" मी सांगतो, "तेवढीच." आणि ती झुंबरकडं बघून मान उडवते.

यंदा उभी राहिली तेव्हा मी खाली बघितलं, तर बाईनं टाचा उचललेल्या!

"टाचा टेकवा, मावशी."

"टेकल्यात."

"मावशी!"

टेकवल्या. मी रेघ मारली. जुन्या रेघेच्या चांगली पाऊण इंच खाली आली. झुंबर माझ्या मागंच उभा होता. त्यानं बघितलं आणि बाहेर जाऊन गाडीची काच पुसायला लागला, पुसलेलीच काच.

"किती?" पुतळाबाईनं विचारलं.

"तेवढीच," मी म्हणालो.

ती खुशीत चहा प्यायला चहावाल्याकडं गेली. मी ती नवी रेघ फडक्यानं पुसून टाकली, गाडीखाली शिरलो आणि कमानीचा बाक पाऊण इंच कमी केला.